बाजूला सरकवलेलं नाणं

हार्लो बेंड, कॅन्सस
२१ ऑगस्ट

कोच,

तुमची खुर्ची ऑफिसातून मी बाहेर काढली नाही, नव्या कोचने काढली. उजव्या हाताशी फाटलेली, चिकटपट्टी लावलेली ती हिरवी खुर्ची जिमच्या मागे कचऱ्याच्या पेटीशेजारी उन्हात पडली होती. मी तिच्यासमोरून जाताना मान वळवली, येताना पुन्हा वळवली, आणि शेवटी उचलून गाडीत टाकली. आता ती माझ्या स्वयंपाकघरात आहे. मांजर बसतं तिच्यावर. चला, मांजराला तरी मुख्य कोचची खुर्ची मिळाली.

तुम्ही फोन उचलत नाही. मेसेज तुम्ही जन्मात वाचला नाहीत, ते बोटांचे चाळे म्हणायचात. म्हणून कागद घेतला. तुमच्या भाचीचा, रोझॅनचा, ॲरिझोनातला पत्ता मला पगार खात्यातल्या बाईकडून मिळवावा लागला, कारण तुम्ही तोसुद्धा दिला नव्हता.

नवा कोच कोल्बी. त्याच्यापेक्षा माझे बूट जुने आहेत. मुलगा वाईट नाही. सकाळी सगळ्यांसाठी कॉफी आणतो. मला 'मिस नेल्डा' म्हणतो, जशी काही मी बालवाडीची बाई आहे. पहिल्याच मीटिंगला त्याने विचारलं, "मिस नेल्डा, या टीममध्ये तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मी म्हटलं, "व्हॅनच्या स्टिअरिंगमागे."

पोरी फिदीफिदी हसल्या. तोही मनापासून हसला, म्हणून मला आणखीच राग आला.

कोच, मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारल्याशिवाय मी पत्र बंद करणार नाही. एप्रिलमध्ये क्रीडाप्रमुख डनवुडींनी तुम्हाला त्यांच्या खोलीत बोलावून विचारलं होतं, तुमच्यानंतर मुलींची गोल्फ टीम कुणाकडे द्यायची. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. "मी इमोजीन प्रूइटला सरळ विचारलं. ती खिडकीबाहेर बघत बसली. बराच वेळ. मग म्हणाली, कुणीतरी तरुण आणा."

एवढंच! माझं नाव नाही. मी तुमच्या हाताखाली खेळले, तुमच्या हाताखाली सहायक कोच झाले, तुमच्या हाताखालीच माझे केस पिकले, आणि तुम्हाला माझं नाव घ्यावंसं वाटलं नाही. निरोपाच्या जेवणालाही न थांबता तुम्ही निघून गेलात. मी केक सांगून ठेवला होता. त्या केकचं मी काय केलं असेल, सांगा बघू.

का, ते एका ओळीत लिहा. 'तू त्या लायकीची नाहीस' असं असेल तर तसं लिहा. मी रडेन, भांडी आपटेन आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागेन. पण हे तुमचं गप्प बसणं माझ्या घशाखाली उतरत नाही.

ने.


१८ सप्टेंबर

कोच,

उत्तर नाही. ठीक. मी लिहीत राहते. तुम्हाला ठाऊक आहे, मी तोंड मिटून बसणाऱ्यांतली नाही.

पहिली स्पर्धा झाली. वारा असा की टोप्या शेजारच्या गावात जाऊन पडाव्यात. मी नेहमीसारखी पहाटे उठून शेंगदाण्याच्या लोण्याचे सँडविच केले, टॉवेल ओले केले, हात शेकायच्या पिशव्या वाटल्या. कोल्बीच्या हातात टॅब्लेट असतो. त्यात प्रत्येक होलचा नकाशा, वाऱ्याचा वेग, कुणाचा चेंडू किती लांब जातो, सगळं. त्याला वारा कुठून येतोय ते विचारलं तर आधी टॅब्लेटकडे बघतो. मी गवत उपटून हवेत टाकलं आणि ते त्याच्या कॉफीत पडलं. मुद्दाम नाही हो. अगदीच मुद्दाम नाही.

पाच पोरी खेळतात आणि कमीत कमी फटक्यांच्या चार जणींचे आकडे धरतात, हे तुम्हाला काय सांगायचं. पण त्या पाचवीबरोबर कायम मला चालायला लावलंत, ते का, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी स्वतः तुमच्या टीमची पाचवी होते म्हणून असेल. दिवसभर पाय मोडेस्तोवर चालायचं, आणि संध्याकाळी फलकावर आपल्या आकड्यावर रेघ. त्या रेघेशेजारी कुणीतरी उभं असावं लागतं. आता ते काम मला येतं. तेवढंच येतं असं तुम्हाला वाटलं का?

नेब्रास्काच्या कॉलेजने मला मुख्य कोच म्हणून बोलावलं होतं, त्या वर्षी तुमच्या कमरेचं ऑपरेशन होतं. तुम्ही म्हणालात, "एवढा सीझन थांब." मी थांबले. मग ओक्लाहोमाचं बोलावणं आलं तेव्हा आपली टीम नवी, कोवळी होती. "एवढा सीझन." मी पुन्हा थांबले. तुम्ही माझे पाय बांधले नव्हते, हे मला मान्य आहे. पण थांबणाऱ्या माणसाला कधीतरी कुणी म्हणावं लागतं, की बाई, आता हो पुढे.

यंदाची पाचवी टेगन. धान्याच्या कोठाराशेजारी वाढलेली, उंच, हाताला घट्टे. तुम्ही आणि मी दोघी तिच्या घरी जाऊन तिला मागून आणलं होतं. आपल्या टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक पोरीला तुम्ही पहिल्या दिवशी अर्ध्या डॉलरचं नाणं देत होता ना, ग्रीनवर, खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू उचलला की त्याची जागा दाखवायला? तुमच्या हातचं शेवटचं नाणं तिला मिळालं. ती ते मोज्यात ठेवून झोपते, असं तिची रूममेट सांगते.

ने.


१६ ऑक्टोबर

कोच,

आज मन जड आहे. तुम्ही इथे असतात तर व्हॅनच्या पायरीवर बसून तुमच्याशी बोलले असते.

या वेळच्या स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. एका मुलीला ताप होता, तिचा खेळ पार कोसळला, आणि टेगनचा आकडा पहिल्यांदाच धरला जाणार असं दिसू लागलं. कोल्बी म्हणाला, "मिस नेल्डा, आज टेगनबरोबर मी चालतो." मी तापवालीकडे गेले. पोरीला दर दोन पावलांवर बसवत, पाणी पाजत मी तिच्याबरोबर होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. टेगनने सांगितलं ते लिहिते.

ग्रीनवर टेगनचं नाणं दुसऱ्या कॉलेजच्या मुलीच्या वाटेत येत होतं. त्या मुलीने नम्रपणे विचारलं, जरा सरकवशील का? टेगनने रीतीप्रमाणे काठीच्या डोक्याएवढं नाणं बाजूला सरकवलं. त्या मुलीचा फटका झाला, चेंडू खळग्याच्या ओठाला लागून फिरला आणि आत पडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टेगननेही वाजवल्या. आणि त्या नादात नाणं परत मूळ जागी न आणता तिथेच चेंडू ठेवून मारला.

कोल्बी तिथेच उभा होता. कोचला बोलायची मुभा आहे, एक शब्द पुरला असता. पण तो टॅब्लेटमध्ये पुढच्या होलचा नकाशा बघत होता.

कुणाच्याच लक्षात आलं नाही. पुढच्या होलवर पोचल्यावर टेगनच्या लक्षात आलं. तिने तिथेच पिशवी खाली ठेवली आणि तिचा हिशेब ठेवणाऱ्या मुलीला म्हणाली, "मागच्या होलवर मी चुकीच्या जागेवरून मारलं. माझे दंडाचे दोन फटके वाढव."

आपण एका फटक्याने हरलो.

व्हॅनपाशी कोल्बीच्या तोंडून निघून गेलं, "टेगन, कुणी बघितलं नव्हतं गं."

मी म्हटलं, "तिने बघितलं होतं."

तो कानापर्यंत लाल झाला. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मला तसं म्हणायचं नव्हतं." मी म्हटलं, "ते मला सांगू नकोस, तिला सांग." त्याने जाऊन सांगितलं. सांगितलं खरं.

पण टेगन मागच्या सीटवर टोपी तोंडावर ओढून बसली होती. मी तिला तुमची युक्ती सांगितली. नाणं बाजूला सरकवलं की लगेच खिशातली, पहिल्या फटक्याला चेंडू टेकवायची लाकडी खुंटी काढून दातांत धरायची, आणि नाणं जागेवर परत येईपर्यंत सोडायची नाही. तोंडात लाकूड असताना माणूस विसरत नाही. दुसऱ्या टीमच्या पोरी आपल्याला 'प्रूइटबाईंचे उंदीर' म्हणायच्या, आठवतं? पण तुमच्या एकाही उंदराला या गोष्टीचा दंड कधी बसला नाही.

"हे आधी का नाही सांगितलं कुणी?" टेगनने टोपीखालून विचारलं.

खरं आहे, कोच. दर ऑगस्टला पहिल्या दिवशी तुम्ही ते शिकवायचात. टेगन आली त्या वर्षी तुम्ही शिकवलं नाहीत. मला वाटलं, कंटाळला असाल.

ने.


१२ डिसेंबर

कोच,

टेगनने सामान भरलं. नाताळनंतर परत येणार नाही म्हणाली. म्हणून मी तिच्या घरी जाऊन आले. रस्त्यात बर्फ नव्हता, नुसता कोरडा थंड वारा आणि कापलेली शेतं.

तिच्या आईने, डोरीनने, बटाट्याचं भरलेलं भांडं ओव्हनमधून काढलं आणि मला बसवलं. आपल्या धंद्यातलं हे एक बरं आहे, निम्म्या राज्याच्या स्वयंपाकघरांत आपल्याला बसवून वाढतात. बाप कोठारावर होता. टेगन समोर बसून काट्याने बटाटे टोचत होती.

"मी आले तरी पुन्हा चुकेन," ती म्हणाली.

"चुकशीलच की."

"मग?"

"मग पुन्हा सांगशील आणि पुन्हा दंड घेशील. तुझी खोड ती आहे. मला चुकणाऱ्या पोरी दर वर्षी मिळतात, सांगणाऱ्या मिळत नाहीत."

"पण सगळ्या माझ्यामुळे हरल्या."

"हो, हरल्या. आणि व्हॅनमध्ये तुझ्या शेजारी बसायला भांडत होत्या. ते टोपीखालून दिसलं नाही तुला."

ती हसली नाही, पण बटाटा खाल्ला. डोरीन मला दाराशी सोडायला आली तेव्हा म्हणाली, "ती दुसरी बाई कुठे असते हो, तुमच्या मोठ्या कोच? बऱ्या आहेत ना? तुम्ही दोघी आला होतात त्या दिवशी मीठ समोर होतं आणि पुन्हा पुन्हा मीठच मागत होत्या. आणि निघताना मला म्हणाल्या, तुम्हाला किती मुलं? अहो, टेगन तिथेच बसली होती."

मी म्हटलं, त्या दमल्या होत्या.

गाडीत बसल्यावर हीटर सुरू केला आणि तशीच बसून राहिले. मार्चमध्ये एकदा मला उठवून स्वतः स्टिअरिंग घेतलंत, तेव्हा तुम्ही व्हॅन आपल्याच मैदानाच्या फाटकावरून पुढे नेलीत आणि मी ओरडल्यावर माझ्यावरच खेकसलात. गेली दोन वर्षं तुम्ही सगळ्यांना 'पोरी' म्हणू लागला होता. सगळ्यांना! तुम्ही तर नव्या पोरीचंही पहिल्या दिवशी पूर्ण नाव घ्यायचात. 'ए, तू' म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. कुणाकडे बोट दाखवलं की तुम्ही त्या बोटावर स्कोअरकार्ड मारायचात. मी समजत होते, म्हातारपणी माणूस मऊ होतो.

दमलाच होता ना तुम्ही? तसंच असणार. मी अजून रागावलेलीच आहे, गैरसमज नको.

नाताळच्या शुभेच्छा.

ने.


९ मार्च

कोच,

टेगन जानेवारीत परत आली. हे आधी लिहिते, कारण बाकीचं लिहायला हात उचलत नाही.

रोझॅनचा फोन आला होता. मी मैदानावर जाळ्या बांधत होते. तिने आपलं नाव सांगितलं आणि माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की तुम्ही गेलात. ती म्हणाली, नाही, नाही, मावशी आहे, बाहेर अंगणात पक्ष्यांना दाणे टाकते आहे.

मग तिने सांगितलं. तुम्हाला डॉक्टरांनी विस्मरणाच्या आजाराचं नाव घेऊन सांगितलं होतं, आमच्याबरोबरच्या शेवटच्या सीझनच्याही आधी. तुम्ही कुणाला कळू दिलं नाहीत. खिशात चिठ्ठ्या ठेवून, माझ्या मागोमाग चालून, सगळ्यांना पोरी म्हणून तो सीझन काढलात. मी शेजारच्या सीटवर होते हो. मला दिसलं नाही.

डनवुडींच्या खोलीतून बाहेर पडल्यावर संध्याकाळी तुम्ही रोझॅनला फोन केला होता. तुम्ही काय म्हणालात ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. "त्याने विचारलं, कोण? मला तिचा चेहरा दिसत होता, तिची टोपी दिसत होती, ती कशी चालते ते दिसत होतं. नाव येईना. मी खिडकीबाहेर बघितलं, म्हटलं आता येईल, आता येईल. तो माझ्याकडे बघत होता. मग मी काहीतरी बोलून टाकलं, त्याने बघायचं थांबावं म्हणून." आणि तुम्ही खूप रडलात, असं ती म्हणाली. मी तुम्हाला रडताना कधी पाहिलेलं नाही.

जाळीचा दोर हातात तसाच धरून मी खाली गवतावर बसले. कोल्बी धावत आला, काय झालं मिस नेल्डा? मी त्याला म्हटलं, डोळ्यांत वारा गेला.

कोच, मी तुमच्यावर ओरडणार आहे, हे शेवटचं. 'माझी सहायक' म्हणाला असतात तरी डनवुडीला कळलं असतं! 'ती, जी व्हॅन चालवते ती' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तुम्ही माणसाकडे बोट दाखवणाऱ्यांतल्या नव्हता. नाव घ्यायचं तर पूर्ण, नाहीतर नाही. तुमचा हा ताठा मी आयुष्यभर मिरवला, आणि शेवटी तोच मला भोवला.

रोझॅन आणखी एक गोष्ट म्हणाली. माझी पत्रं तुम्ही रोज वाचता. रोज नवीन म्हणून वाचता. "हिला फार राग आलाय," म्हणता, "हिला उत्तर द्यायला हवं." मग कागद घेता, त्यावर 'प्रिय' लिहिता, आणि थांबता. खाली नाव शोधता, तर तिथे नुसतं 'ने.' असतं. ती सांगते, नेल्डा. तुम्ही मान हलवता, पेन उचलता, तोवर ते गेलेलं असतं. तुमच्या टेबलावर नुसत्या 'प्रिय' लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा झाला आहे.

मला ते कागद हवेत. टाकू नका म्हणावं तिला.

पुढचं लिहिता येत नाही.


२८ एप्रिल

कोच,

विभागाची स्पर्धा संपली. आपण तिसऱ्या आलो. टेगनचा आकडा शेवटच्या दिवशी पाचवा होता, त्यावर रेघ आली. पण तिच्या खेळात एकही खोट नव्हती. वारा तोंडावर होता, तिचं नाणं वाटेत आलं, तिने सरकवलं आणि खुंटी दातांत धरली. मी दोरीपलीकडे उभी होते. शेजारी कोल्बी होता आणि त्याच्याही दातांत खुंटी होती. टॅब्लेट व्हॅनमध्येच ठेवून आला होता. मी त्याच्याकडे बघितलं तर तोंडातलं लाकूड न काढता म्हणाला, "मीही विसरतो, मिस नेल्डा."

बक्षिसाच्या वेळी पाचही पोरींनी दातांत खुंट्या धरून फोटो काढला. डनवुडींना तो आवडला नाही. मी तो तुम्हाला पाठवते आहे. डावीकडची उंच ती टेगन.

दुसऱ्या दिवशी कोल्बीने मला ऑफिसात बोलावलं. पोराला बसवेना, उभं राहवेना. पुढच्या वर्षापासून सहायक कोचची जागाच राहणार नाही, कॉलेजने ती काढून टाकली. "मी भांडलो," तो म्हणाला. मला वाटतं तो खरंच भांडला असेल, कारण त्याचा आवाज बसला होता. मग त्याने खाली मान घालून विचारलं, "ते नाणं... प्रूइट कोच देत होत्या ते. मला एक मिळेल का?"

मी घरी जाऊन तुम्ही मागे ठेवून गेलेल्या जुन्या डब्यातलं एक आणून दिलं. तुमच्या वतीने दिलं. चालेल ना?

मी डनवुडींकडे जाऊन खरं सांगावं, असं टेगनला वाटतं. तिला सगळं ठाऊक आहे. पोरींपासून मला काही लपवता येत नाही, तुम्हाला यायचं. पण काय सांगू, कोच? की माझं नाव कोचना आठवलं नाही हो, म्हणून मला खुर्ची द्या? तुमचं गुपित तुम्ही एवढ्या कष्टाने झाकलंत, ते मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवणार नाही. मला दुःख होतंय. खूप होतंय. सकाळी सवयीने टॉवेल ओले केले आणि मग आठवलं, की कुणासाठी?

मी तुमच्याकडे येते आहे. रोझॅनला कळवलं आहे.

ने.


मेसा, ॲरिझोना
३ जून

कोच,

काल मी तुमच्याकडे येऊन गेले. तुम्हाला आठवणार नाही, म्हणून लिहून ठेवते. हे पत्र रोज नवीन असेल, तर रोज मी आले असं होईल.

तुम्ही अंगणात बसला होता, डोक्यावर आपल्या टीमची निळी टोपी. मला बघून उठून उभ्या राहिलात. तुमची पाठ अजून ताठ आहे.

"तू कुणाची गं?" तुम्ही विचारलंत.

"तुमचीच, कोच."

"माझ्या खूप आहेत," तुम्ही म्हणालात, आणि बाजूला सरून मला सावलीत जागा दिलीत.

रोझॅनने मागच्या अंगणात तुमच्यासाठी नकली गवताची एक पट्टी आणि एक खळगा करून घेतला आहे. तुम्ही काठ्या आणल्यात. मला एक दिलीत, पकड बघितलीत, माझा अंगठा धरून जरा खाली केलात. मी शिकाऊ असताना करायचात तसाच.

आपण खेळलो. तुमचं नाणं माझ्या वाटेत आलं. मी काही म्हणायच्या आधीच तुम्ही ते काठीच्या डोक्याएवढं सरकवलंत, शर्टाच्या खिशातून खुंटी काढून दातांत धरलीत. मी मारलं. तुम्ही नाणं जागेवर आणलंत, खुंटी काढलीत, चेंडू ठेवलात आणि खळग्यात घातलात. तुम्हाला कुठला महिना आहे ते सांगता आलं नव्हतं सकाळी.

मग माझं नाणं तुमच्या वाटेत आलं. तुम्हीच मला पहिल्या दिवशी दिलेलं, झिजून गुळगुळीत झालेलं नाणं. मी सरकवलं. तुमचा चेंडू खळग्याला वळसा घालून आत पडला आणि तुम्ही हसलात, तोंडभर, जसं तुम्ही कुणी बघत नसताना हसायचात. ते बघून मला रडू आलं. डोळे पुसत मी खाली वाकले आणि नाणं होतं तिथेच चेंडू ठेवला. खुंटी दातांत धरायची राहून गेली होती. मी, जिने हीच गोष्ट टेगनला शिकवली होती.

तुम्ही काठी आडवी धरून मला थांबवलंत. खिशातली खुंटी काढून माझ्या हातात दिलीत.

"थांब," तुम्ही म्हणालात. "माझ्यासाठी बाजूला झाली होतीस ना तू? मग आधी आपल्या जागेवर ये."

रोझॅन दारात उभी होती, तिने तोंडावर हात घेतला. तुम्हाला काहीच विशेष वाटलं नाही. तुम्ही वाट बघत होता, मी नाणं परत नेते की नाही याची. मी नेलं. मग तुम्ही मान हलवलीत. माझा फटका हुकला, बऱ्याच लांबून हुकला.

निघताना तुम्ही पुन्हा विचारलंत, "तू कुणाची गं?" मी पुन्हा तेच सांगितलं.

मला उत्तर नको आहे, कोच. तुमचे ते 'प्रिय' लिहिलेले कागद रोझॅनने मला बांधून दिले आहेत, ते माझ्या पिशवीत आहेत. पण तुम्हाला लिहावंसं वाटलंच, तर तुमचं काम अडायला नको. आतापर्यंत मी पत्राखाली नुसतं एक अक्षर टाकत आले, तुम्ही ओळखालच या भरवशावर. आज नाव पूर्ण लिहिते, मोठ्या अक्षरांत, म्हणजे रोज वाचता येईल.

तुमची पाचवी,

नेल्डा स्ट्राउड